चिलापीच्या ढिगातला मळ्या

जूनची पहिली जोरदार सर रात्री पडून गेली आणि सकाळी मुळेच्या काठावरून फोन आला: वाकडच्या अलीकडे, बंधाऱ्यापाशी मासे मेलेत, ढीगच्या ढीग. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पुण्याच्या नद्यांमधल्या माशांच्या नोंदी ठेवते, म्हणून असे फोन मला येतात. विद्यार्थ्यांना घेऊन पोहोचले तोवर मासे उचलायला ट्रॅक्टर येऊन उभा होता. मुकादमांना तासभर थांबायची विनंती केली.

"सगळी चिलापीच आहे मॅडम, काय बघायचंय त्यात?" ते म्हणाले. पण थांबले.

कारण उघड होतं. उन्हाळाभर बंधाऱ्यामागे मैला आणि कुजलेली जलपर्णी साठते. पहिल्या पावसाचं पाणी तो गाळ ढवळतं आणि पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो. पहाटे तर तो तसाही सगळ्यात कमी असतो.

ढिगावर चिलापीच दिसत होती हे खरं. ही मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली. पाठीवरचा पर लांब आणि काटेरी, अंगाच्या बाजूवरून जाणारी रेघ, म्हणजे पार्श्वरेषा, मध्येच तुटून दोन तुकड्यांत गेलेली. एवढं पाहिलं की ओळख पटते. पण लांबून बघून 'चिलापी' असं लिहून मोकळं होणं मला पटत नाही. नदीत काय जगत होतं हे कळायची अशी संधी वाईट दिवशीच मिळते, आणि ती ट्रॉलीत भरून जाते.

हातमोजे घालून आम्ही ढीग उपसायला बसलो. मुलांना आधी वासाने मळमळलं, मग सवय झाली. खालच्या थरात बोटभर लांबीचे चंदेरी मासे निघायला लागले. कल्ल्यामागे एक काळा ठिपका, शेपटीच्या अलीकडे दुसरा, तोंडाला मिशा नाहीत: शास्त्रीय नाव पेथिया टिक्टो, मासा आपल्याकडचाच. मग एक वाम, सापासारखी लांब, पाठीवर सुट्या काट्यांची रांग. एका मुलाच्या मोज्यात तो काटा शिरलाच.

काठावर राहणारे एक भोईकाका बराच वेळ आमच्याकडे बघत होते. ते उठून ढिगाच्या कडेला बसले, दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "हा मळ्या, ताई."

मी तो उलटा केला. पोट सपाट, आणि खालच्या ओठामागे कातडीची गोल चकती. याच चकतीने तो वाहत्या पाण्यात खडकाला धरून बसतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. शास्त्रीय नाव गारा मुल्या. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर 1839 साली लिहिलं तेव्हा त्याचं वर्णन केलं. पण हा खळाळत्या पाण्यातला मासा, आणि समोर काळं, साचलेलं पाणी!

माझी पहिली शंका अशी, की वरून, नांदे-लवळ्याकडून मेलेला वाहत आला असेल. पण दगडांवरून घासत आलेल्या माशाचे पर फाटतात, अंग खरचटतं. याचे पर अखंड होते, खवले जागच्या जागी. तो इथेच, जवळपास मेला होता.

काकांना यात नवल वाटलं नाही. "बंधाऱ्याच्या खाली असतो की. पाणी पडतं तिथल्या दगडांना चिकटून." त्यांनी बोट दाखवलं. बंधाऱ्यावरून पाणी आपटत होतं, तिथे वीसेक पावलांचा उघडा कातळ होता. पडताना पाण्यात हवा मिसळते, म्हणून एवढ्या घाणीतही तेवढा पट्टा त्याला पुरत असावा. मी कितीतरी वेळा त्या बंधाऱ्यावरून गेले असेन. हे मला काकांकडून कळलं, आणि त्याचा आनंद मी त्यांना बोलून दाखवला.

मळ्याचा फोटो तिथेच काढला, कारण नमुना टिकवायच्या रसायनात, फॉर्मेलिनमध्ये, रंग उडतो. पराचा एक तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवला, फॉर्मेलिन लागलं की तो निकामी होतो. मग फॉर्मेलिन आत शिरावं म्हणून पोटाला उजवीकडून छेद दिला. डावी बाजू अभ्यासासाठी अखंड ठेवतात. लेबल पेन्सिलीने लिहिलं, शाई विरघळते. बाकी ढीग ट्रॅक्टर घेऊन गेला.

पंचनाम्यात एकाच जातीचं नाव लिहिलेलं होतं. मी मुकादमांना यादी दाखवली, त्यांनी ती कागदाला जोडायला आनंदाने होकार दिला. मी त्या यादीमागे बंधाऱ्याखालच्या कातळाचा नकाशाही काढून दिला, लांबी-रुंदीसकट. पात्र सपाट करण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. तेव्हा त्या कातळाला कोण चिकटून राहतं हे कागदावर असायला हवं.