बाळाच्या खोलीतली भिंत: तीन टेकड्या, एक चंद्र आणि नीटस कडा

बाळाच्या खोलीत भिंतीवर काहीतरी काढायचं ठरलं की डोळ्यांसमोर अख्खं जंगल उभं राहतं: हत्ती, जिराफ, माकडं, फुलपाखरं. चित्रकलेचा सराव नसेल तर हा मोह टाळावा. प्राण्याचा डोळा जरा चुकला की चेहरा बिघडतो आणि तो लपवता येत नाही. टेकडीचा उतार दोन इंच इकडेतिकडे झाला तरी ती टेकडीच राहते. म्हणून इथे एकच चित्र धरून सांगते: खाली एकामागे एक तीन टेकड्या, वर चंद्र, दोन-तीन ढग. आकार मोठे आणि सपाट, रंग मोजके. अशा चित्रात नजर जाते ती कडांवर, आणि सगळी मेहनत तिथेच घालायची आहे.

आधी वेळेचं गणित. काम बाळ घरी यायच्या किमान चार आठवडे आधी संपलेलं असू द्या. इमल्शन तासाभरात हाताला कोरडं लागतं, पण थर आतपर्यंत पक्का व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर खिडक्या उघड्या ठेवा आणि भिंत ओल्या फडक्याने पुसू नका, रंग फडक्यावर येतो. रंग पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक इमल्शनच घ्या, डब्यावर ‘लो व्हीओसी’ (हवेत उडणारी रसायनं कमी) लिहिलेलं. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन या खोलीत आणूच नये.

घर जुनं असेल तर आणखी एक काळजी. जुन्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं असू शकतं आणि ते कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ घरभर पसरते. शंका असेल तर घासण्याआधी तपासून घ्या, आणि शिसं निघालं तर ते काम जाणकारांकडूनच करून घ्या. गरोदर बाईने घासकामाच्या वेळी खोलीत थांबूच नये, भिंत नवी असली तरीही.

भिंत रंगवण्याजोगी आहे का, हे तीन गोष्टी करून कळतं. भिंतीवरून तळहात फिरवा: हाताला पांढरी भुकटी लागली तर वर डिस्टेंपर किंवा चुना आहे, तो खरवडून, धुऊन, प्रायमर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग मास्किंग टेपचा तुकडा घट्ट दाबून लावा आणि झटकन ओढा. टेपबरोबर रंगाचे पोपडे आले तर जुना थर सुटलेला आहे, आणि नंतर तुमचं चित्रही असंच सुटेल. तिसरी गोष्ट ओल. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर भिंतीतून ओल येते आहे. अशा भिंतीवर चित्र काढायची घाई करू नये. ओल बंद झाल्याशिवाय कितीही चांगला रंग असला तरी त्याला फोड येणारच.

खिळ्यांची भोकं आणि भेगा लांबीने (पुट्टीने) भरा, सुकल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटी २२० ने. लांबी भरलेल्या प्रत्येक ठिकाणी प्रायमर लावायला विसरू नका. लांबी रंग शोषून घेते आणि तेवढेच डाग भिंतीवर कायम मंद दिसत राहतात.

आता रंग किती लागेल. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शनचा एक हात साधारण १० चौरस मीटर जातो. भिंत ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच असेल तर ती ८.१ चौरस मीटर होते, म्हणजे दोन हातांना १.६ लिटर. हा झाला मागचा रंग. तो फिकट क्रीम किंवा ऑफ-व्हाइट ठेवा आणि अडीच लिटर घ्या, कारण टेकड्यांचे फिके रंग त्याच्यातूनच करायचे आहेत.

तीन टेकड्यांना तीन वेगळे हिरवे विकत घेऊ नयेत. एकच गडद पण भडक नसलेला हिरवा अर्धा लिटर घ्या. पुढची टेकडी त्याच रंगाने, तशीच. मधलीसाठी एक भाग हिरवा आणि दोन भाग क्रीम. मागचीसाठी एक भाग हिरवा आणि पाच भाग क्रीम. दूरचं फिकट दिसतं, त्यामुळे भिंतीला आपोआप खोलपणा येतो, आणि तिन्ही रंग एकाच हिरव्यातून आलेले असल्याने काहीच अंगावर येत नाही. मापात सांगायचं तर पुढच्या टेकडीला ३५० मिली, मधलीला १०० मिली हिरवा आणि २०० मिली क्रीम, मागचीला ४० मिली हिरवा आणि २०० मिली क्रीम एवढं पुरतं, थोडं उरतंही. हिरवा किती गडद आहे त्यावर प्रमाण थोडं बदलेल, तेव्हा आधी चमच्याने मोजून थोडासाच रंग करून जाड कागदावर लावा. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर गडद होतं. मग तो कागद भिंतीला टेकवून दिवसा एकदा आणि रात्री दिव्याच्या उजेडात एकदा पाहा. ठरलं की दोन्ही हातांना पुरेल एवढा रंग एकदमच मिसळा. नंतर पुन्हा तोच रंग जुळत नाही. सगळे रंग एकाच प्रकारचे, एकाच चमकेचे घ्या, शक्यतो मंद चमकेचं धुता येणारं इमल्शन. स्टेनरच्या (रंगात थेंबथेंब मिसळायच्या दाट रंगद्रव्याच्या) बाटलीने स्वतः रंग गडद करायचा असेल तर डब्यावर लिहिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नका. स्टेनर जास्त झाला की रंग दिवसेंदिवस चिकट राहतो.

क्रीमचे दोन हात झाल्यावर निदान एक पूर्ण दिवस भिंतीला हात लावू नका. टेप लावायची असेल तर दोन-तीन दिवस थांबलेलं बरं.

आखणी करण्याआधी खोलीतलं सामान कुठे येणार ते भिंतीवर टेपने आखून घ्या. हे सांगायचं कारण म्हणजे कॉटचा कठडा जवळपास मीटरभर उंच असतो. टेकड्या जमिनीपासून ६०-७० सेंटिमीटरवरच संपवल्या तर कॉट ठेवल्यावर चित्रातलं फारसं काही उरत नाही. पुढची टेकडी ७०, मधली ११० आणि मागची १४० सेंटिमीटरपर्यंत चढू द्या, आणि तिघींचे माथे एकाखाली एक येऊ देऊ नका. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मध्यापासून जरा सरकून.

रेघ खडूने काढा, पण हलक्या हाताने. शिसपेन्सिलीची काळी रेघ फिक्या रंगाखालून डोकावते. बॉलपेन आणि मार्करला तर हातच लावू नये, त्यांची शाई इमल्शनमधून पुन्हा पुन्हा वर येते आणि तिसऱ्या हातानंतरही दिसते. टेकडीची रेघ मनगटातून काढली की ती थरथरते. हात खांद्यातून फिरवा, भिंतीच्या कडेने चालत चालत एका दमात रेघ ओढा, मग दारात जाऊन पाहा. मोबाइलवर फोटो काढला की चुकलेला उतार लगेच दिसतो. खडू कोरड्या फडक्याने चोळून पुसला जातो, तेव्हा मनासारखी होईपर्यंत बदलत राहा. रंगवण्याआधी रेघेवर कोरडं फडकं मारून जादा भुकटी झाडा, नाहीतर ब्रशमध्ये खडू मिसळून कड धुरकट होते.

चंद्रासाठी दोरीला पेन्सिल बांधू नका, दोरी ताणली जाते आणि वर्तुळ जुळत नाही. पुठ्ठ्याची पट्टी घ्या, तिला २५ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा, एकात टाचणी, दुसऱ्यात रंगीत पेन्सिल. झाला ५० सेंटिमीटरचा चंद्र. कोर हवी असेल तर टाचणी १० सेंटिमीटर बाजूला सरकवून दुसरं वर्तुळ काढा. ढगांना तीन वेगवेगळ्या मापाच्या ताटल्या आणि खाली एक आडवी सरळ रेघ पुरे.

रंगवायचं मागून पुढे आणि वरून खाली. मागची टेकडी आधी, आणि ती मधलीच्या रेघेच्या दोन-तीन सेंटिमीटर खालपर्यंत न्या, म्हणजे दोघींच्या मध्ये क्रीमची फट राहत नाही. पण हा आत गेलेला भाग जाड सोडू नका. जवळजवळ कोरड्या ब्रशने तो खाली ओढून विरवून टाका. तसं केलं नाही तर तिथे रंगाचा बारीक बांध तयार होतो आणि वर मधल्या टेकडीचे दोन हात बसले तरी बाजूने उजेड पडला की त्वचेवरच्या वळासारखा उठून दिसतो.

कडेसाठी एक इंची तिरक्या टोकाचा ब्रश घ्या आणि केसांचा खालचा एक तृतीयांश भागच रंगात बुडवा. ब्रश थेट रेघेवर टेकवायचा नाही. अर्धा सेंटिमीटर आत टेकवा, म्हणजे जादा रंग तिथे उतरतो. मग त्याच रंगाला हलका दाब देत रेघेपर्यंत सरकवा आणि फूटभर लांब ओढा. नजर ब्रशच्या टोकावर न ठेवता त्याच्या चार बोटं पुढे रेघेवर ठेवा, हात आपोआप तिकडे जातो. रंग ओढताना अडकत असेल तर त्यात शंभराला पाच ते दहा भाग पाणी घाला, त्याहून जास्त नको. पातळ रंग ओघळतो आणि वाळल्यावर भुकटीसारखा सुटतो.

सगळी कड एकदम रंगवून मग आतला भाग भरू नये. कड वाळते, रोलर नंतर येतो आणि टेकडीला चौकट लावल्यासारखा पट्टा दिसतो. मीटरभर कड घ्या, लगेच चार इंची रोलरने आतला भाग भरा, रोलर कडेच्या शक्य तितका जवळ न्या, मग पुढचा मीटर. दोन हातांमध्ये तीन-चार तास, हवा दमट असेल तर त्याहून जास्त. पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, घाबरून जाड थर देऊ नका.

चंद्र पिवळा असेल तर त्याखाली आधी शुद्ध पांढऱ्याचा एक हात द्या. पिवळा आणि लाल रंग झाकायला कमकुवत असतात. थेट लावले तर चार हातांनंतरही डागाळलेले दिसतात.

टेप फक्त सरळ रेघेला वापरा, जसं ढगाचा तळ. टेप चिकटवून तिची कड नखाने दाबा आणि त्या कडेवरून आधी मागचाच क्रीम रंग एकदा फिरवा. टेपखाली काही झिरपायचं असेल तर ते क्रीम झिरपेल आणि दिसणार नाही. तो वाळला की वरून ढगाचा रंग. शेवटचा हात जरा ओला असतानाच टेप स्वतःवर दुमडत, तिरकी, सावकाश काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची साल टेपबरोबर येते. वाळून गेलाच असेल तर आधी ब्लेडने कडेवर हलकी रेघ मारा.

ओघळ किंवा चुकलेली कड ओली असतानाच कानातल्या कापसाच्या काडीने, जरा ओली करून, पुसून घ्या. वाळल्यावर दिसली तर पुसत बसू नका. बारीक ब्रशने क्रीम लावून कड परत आखा.

चित्रावर वार्निश हवंच असं नाही. धुता येणारं इमल्शन तसंच टिकतं. मात्र हस्तकलेच्या छोट्या बाटल्यांतले मॅट रंग वापरले असतील तर पाण्यातलं पारदर्शक मॅट वार्निश दोन पातळ हातांत द्या, आणि ते अख्ख्या भिंतीला द्या. नुसत्या चित्रावर दिलं तर चमकेचे तुकडे दिसतात. चमकी, टिकल्या, चिकटवायचे उठावदार आकार या भिंतीवर नकोत. रांगतं बाळ हाताला लागेल ते सोलून तोंडात घालतं. कॉटच्या वर भिंतीला काही टांगूही नये.

नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच स्पष्ट दिसतं, त्यामुळे पहिले काही महिने ही भिंत रात्री जागणाऱ्या आईबाबांसाठीच असते. कपडे बदलायची जागा या भिंतीलगत असेल तर बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर गडद हिरव्याचा क्रीमला भिडणारा एखादा कंगोरा येऊ द्या. एवढा ठळक फरक त्याला लवकर दिसतो.

उरलेला प्रत्येक रंग छोट्या काचेच्या बरणीत, काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवा. बरणीवर शेडचा नंबर, मिसळलेलं प्रमाण आणि तारीख लिहा. कॉट सरकवली की पहिला ओरखडा पुढच्या टेकडीवरच पडतो.