हो, मोबाइल बघायचा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, माझा मुलगा मोबाइल बघायचा. जेवताना बघायचा, माझी मीटिंग चालू असली की बघायचा. अडीच वर्षांचा झाला तरी 'आई', 'बाबा'च्या पुढे गाडी सरकेना, तेव्हा बिल्डिंगमधल्या काकूंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं. मी हो म्हटलं की पुढे कुणी काही विचारायचंच नाही. कारण सापडलेलं असायचं.

डॉक्टर म्हणाले, मोबाइल बंद करा, बोलेल. केला बंद. तो रडला, मी रडले, बोलला नाही.

बऱ्याच महिन्यांनी एका स्पीच थेरपिस्टने विचारलं, "मागून हाक मारली तर वळतो का?" आणि बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी करायला सांगितली.

बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री जागवायचं असतं. खेळणी झाली, गॅलरीतल्या फेऱ्या झाल्या. शेवटी नवऱ्याने कपाटावरून तोच मोबाइल काढला. पोरगा खुलला, आवाज वाढवला आणि फोन थेट कानाला लावून बसला. चित्रं दिसतच नव्हती त्याला. हे पूर्वीही करायचा. 'आजोबांसारखा फोनवर बोलतोय' म्हणून आम्ही व्हिडिओ काढले होते. नवरा काही बोलला नाही, मीही नाही. सकाळी रांगेत तो मांडीवर पेंगत होता. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "फार मोबाइल देत होतात का?" मी त्याला उचललं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. नंबर पुकारला तोही नवऱ्यानेच ऐकला.

कपाळावर, कानांमागे वायरी लावल्या. रिपोर्ट आला: दोन्ही कानांत ऐकू यायला सुरुवातच 55 डेसिबलला. समोरासमोरचं साधं बोलणं 60च्या आसपास असतं. मी स्वयंपाकघरातून जे काही बोलत होते, ते त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नव्हतं.

म्हणून मोबाइल निर्दोष? तसंही नाही. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा 2003चा सिअ‍ॅटलमधला प्रयोग मला अनेकांनी पाठवलाय. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिन या चिनी भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच डीव्हीडीवर दाखवलं तर काहीच शिकली नाहीत. ती बाळं नीट ऐकणारी होती, असं मी आधी तावातावाने सांगायचे. पण ज्याला कमी ऐकू येतं, त्याला समोरचे ओठ जास्तच हवेत ना? मग ते तास कुणाच्या खात्यात टाकू? घरात दुसरं माणूस नव्हतं, नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. हे आजही खरं आहे, आणि त्याने हिशेब लागत नाही.

आता मशीन लावलंय, शब्द येताहेत. मोबाइल जवळजवळ बंदच आहे, थेरपिस्टनेच सांगितलंय. सासूबाई म्हणतात, "बघ, मोबाइल काढून घेतला म्हणून बोलायला लागला." मी त्याच्या कानामागच्या मशीनकडे बोट दाखवते.

"तेही असेल," म्हणतात.