पावणेअकराचा समुद्र

इंग्लंडातल्या ईस्टबोर्नला येऊन तीन वर्षं झाली, तरी इथल्या समुद्राला समुद्र म्हणायला मन तयार नव्हतं. देवगडच्या पोरीला किनारा म्हणजे पायाखालून सरकणारी वाळू. इथे भरतीला नुसते गोटे दिसतात. लाट परत फिरली की ते एकमेकांवर घासत खाली ओढले जातात आणि सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज येतो. ह्याला गाज कोण म्हणेल?

मग कळलं, की मी रोज ज्याच्यासमोरून कामाला जाते त्या पांढऱ्याशुभ्र ग्रँड हॉटेलात 1905 च्या उन्हाळ्यात फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी राहिला होता. सोबत एम्मा बार्दाक, पोटुशी. दोघंही आपापले आधीचे संसार मोडून निघालेले, त्यामुळे पॅरिसात त्यांच्या नावानं शिमगा चाललेला. इथे बसून त्यानं 'ला मेर' या, म्हणजे 'समुद्र' या, आपल्या वाद्यवृंदाच्या रचनेची प्रुफं तपासली.

गंमत म्हणजे हा समुद्र त्यानं लिहायला घेतला 1903 मध्ये, फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या बिशाँ गावी, तेव्हाच्या सासुरवाडीला! तिथून समुद्र कुठच्या कुठे. बर्गंडीच्या टेकड्यांना काही समुद्राचं पाणी लागत नाही, पण माझ्याकडे आठवणी चिक्कार आहेत, अशा अर्थाचं त्यानं तेव्हा एका मित्राला लिहिलंय. हे वाचलं आणि 'ला मेर'च्या मैफलीचं तिकीट काढलं.

तीन भाग, पंचवीसेक मिनिटं. गुणगुणायला चाल शोधाल तर हाती लागत नाही. एक सूर वर येतो, चमकतो, दुसऱ्याखाली जातो. पहिल्या भागात मध्येच चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखी खर्जातली वाद्यं, चार गटांत वाटले जाऊन उसळतात. त्यासाठी देब्युसीनं चक्क 16 चेलो मागितलेत. आमच्यापुढे मी आठ मोजले. तरीही होडी लाटेवरून खाली येताना पडतो तसा पोटात खड्डा पडला. भागाच्या शेवटी पितळी वाद्यांनी सूर्य असा माथ्यावर आणला की मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. दोन भागांच्या मध्ये वाजवायच्या नसतात म्हणे. शेजारच्या आजी गालातल्या गालात हसल्या.

ऑक्टोबर 1905 मध्ये पॅरिसला हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा पिएर लालो या समीक्षकानं तक्रार केली, की मला समुद्र ऐकू येत नाही, दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. वासाचं मलाही पटतं. वाळत घातलेल्या बांगड्यांचा वास कुठलं वाद्य काढणार?

पहिल्या भागाचं नाव 'समुद्रावर, पहाटेपासून दुपारपर्यंत'. त्यावर संगीतकार एरिक सातीनं म्हणे शेरा मारला, की पावणेअकराच्या सुमाराचा भाग मला विशेष आवडला.

म्हणून परवा रविवारी मुद्दाम घड्याळ बघून गोट्यांवर जाऊन बसले. पावणेअकरा. ओहोटी लागलेली, पाणी राखाडी, एक कुत्रा लाटेवर भुंकत होता. आईला फोन लावला. तिकडे सव्वातीन, तिचा चहा उकळत होता. फोन पाण्याकडे धरला.

"कसला गो आवाज ह्यो?" ती म्हणाली. "तांदूळ पाखडतंस काय?"