आमची वाटचाल: कोरड्या पाइपातलं पाणी

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि एक फिटर. दुसऱ्यांनी बसवलेल्या फायर स्प्रिंकलरची, म्हणजे आग लागली की छतातल्या पाइपांतून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेची दुरुस्ती, एवढंच काम. हिवाळ्यात फोन वाढायचे, पण ते कडाक्याच्या रात्री येत नसत, चार दिवसांनी ऊन पडल्यावर येत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि पाइपाचं बंद टोक यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि फिटिंग तडकतं. बर्फ आहे तोवर चीर बुजलेली राहते. तो वितळला की छतातून पाणी कोसळतं.

आम्ही तुकडा बदलायचो आणि निघायचो. पुढच्या वर्षी बोलावणं पुन्हा तिथूनच. मग कारण शोधू लागलो. बहुतेक ठिकाणी पाइपाला इन्सुलेशन गुंडाळलेलं असे आणि मालक निर्धास्त असत. पण इन्सुलेशन ऊब तयार करत नाही, आहे ती जरा उशिरा निसटू देतं. पोटमाळ्यात तर ते पाइपाच्या खाली अंथरलेलं सापडायचं, म्हणजे खालच्या खोलीची ऊब पाइपापर्यंत पोचतच नसे. आम्ही ते काढून पाइपाच्या वरून पांघरायला लागलो. पाणी भरलेल्या पाइपाजवळ हिवाळाभर किमान ४ अंश सेल्सिअस हवंच.

आमचं पहिलं स्वतंत्र मोठं काम एका गोदामाचं होतं. तिथे हीटिंग नव्हतं, म्हणून ड्राय सिस्टिम बसवली. तिच्या पाइपांत दाबाखालची हवा असते आणि पाणी उबदार खोलीतल्या ड्राय व्हॉल्व्हपाशी अडवलेलं असतं. आगीच्या उष्णतेनं स्प्रिंकलर उघडला की हवा निसटते, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी धावतं. आम्ही पाणी भरून दाबाची चाचणी घेतली, मुख्य ड्रेन (पाणी सोडायची तोटी) उघडला, धार थांबली आणि घरी गेलो. एका कोपऱ्यात हँगर (पाइप टांगायचा आधार) सैल राहून पाइपाला झोळ पडला होता. त्यात जेमतेम बादलीभर पाणी राहिलं.

पहिल्याच कडक थंडीत तिथला एल्बो (वळणाचा जोड) फुटला. हवा गेली, व्हॉल्व्ह आपोआप उघडला, गार पाइपांत पाणी शिरलं, खाली मालावर ओतलं आणि उरलेलं रात्रीत जागच्या जागी गोठलं. सकाळी गोदामाचे मालक शांतपणे म्हणाले, "याला तुम्ही कोरडी सिस्टिम म्हणालात ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळं आमच्या खर्चानं बदललं. ते वर्ष तोट्यात गेलं.

तेव्हापासून प्रत्येक पाइपाचा उतार लेव्हल लावून मोजतो: शाखेला मीटरमागे किमान ४ मिलिमीटर, मुख्य पाइपाला २. तरीही काम संपत नाही, कारण कॉम्प्रेसरच्या हवेतली वाफही पाइपात थंड होऊन पाणी बनते. म्हणून सखल जागी दोन व्हॉल्व्हचा ड्रेन बसवतो. आधी वरचा बंद करायचा, मग खालचा उघडून मधल्या तुकड्यातलं पाणी सोडायचं, मग खालचा बंद करून वरचा उघडायचा. हा क्रम चुकून दोन्ही एकदम उघडले तर हवा जाते आणि ड्राय व्हॉल्व्ह उघडतो. थंडीच्या तोंडावर पाणी यायचं थांबेपर्यंत रोज ही फेरी मारावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

दोन गोष्टींना आम्ही ठाम नकार देतो. एक, साइटवर हातानं कालवलेलं अँटिफ्रीझ. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मिश्रण जास्त तीव्र झालं तर आगीवर पडून स्वतःच पेटू शकतं. गरज असेल तिथे फक्त या कामासाठी प्रमाणित, कारखान्यात तयार झालेलं मिश्रण वापरतो. दुसरी, हिवाळाभर स्प्रिंकलरचं पाणीच बंद ठेवणं. शेकोट्या आणि हीटर याच दिवसांत पेटतात. अशी मागणी आली की ते काम मी सोडून देतो, मग गिऱ्हाईक कितीही जुनं असो.

आज आम्ही ११ जण आहोत आणि हिवाळ्यातल्या दुरुस्तीपेक्षा हिवाळ्याआधीच्या तपासणीचं काम जास्त असतं. नव्या मुलाला पहिल्यांदा ड्रेनची फेरीच देतो, वहीत ड्रेनचा नंबर आणि निघालेलं पाणी लिहायला लावतो. ते गोदाम अजून आमच्याकडे आहे. तिथे १४ ड्रेन आहेत. झोळाच्या कोपऱ्यातला ९ नंबरचा ड्रेन मी दरवर्षी स्वतः उघडतो.