पुणे ते दापोली, आरएक्सवर: घाटात उघडा पडलेला कार्बोरेटर

वडिलांची १९९३ ची यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल घेऊन जानेवारीत दापोलीला जाऊन आलो. वाट मुद्दाम लांबची धरली: वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, मग कशेडी, भरणे नाका आणि दापोली. ताम्हिणीनं गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण मग गाडीचं खरं दुखणं कळलंच नसतं.

निघण्याआधी महिनाभरात कार्ब, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर, तीनदा साफ करून झाला होता. मेकॅनिकचं निदान दर वेळी तेच, "कचरा आलाय." साफ केला की दोन दिवस गाडी बरी, मग पुन्हा अर्ध्या रेसवर (ग्रिप अर्धी पिळली की) घुरघुर, प्लग काळा आणि ॲव्हरेज २८. तिसऱ्या खेपेला रिपेअर किटही टाकलं. त्यात गॅस्केट, फ्लोटची सुई (कार्बमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी) आणि दोन ओ-रिंगा होत्या. दोष ज्या भागात होता तो त्यात नव्हताच.

वाईपर्यंत काही नाही. पसरणी सुरू झाला आणि दुसऱ्या गिअरला, अर्ध्या रेसवर, गाडी एक ठोका सोडून एक पेटायला लागली. बब्... बब्... पूर्ण पिळली की मात्र एकदम साफ व्हायची आणि पळायची. हा फरक लक्षात ठेवा, सगळं निदान त्यातच आहे.

घाटमाथ्यावर टपरीशेजारी गाडी लावली. प्रथमोपचाराच्या डबीतली पांढरी चिकटपट्टी ग्रिपवर लावून पेनानं पाव, अर्धा, पाऊण अशा रेघा मारल्या आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर एक खूण केली. आता गाडी कुठल्या रेघेला बिघडते ते दिसत होतं. रेसच्या प्रत्येक टप्प्याला कार्बचा वेगळा भाग पेट्रोल सांभाळतो; जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. स्लो, म्हणजे रेस सोडलेली असताना, ते पहिल्या आठव्या हिश्शापर्यंत कारभार पायलट जेट आणि एअर स्क्रूचा. तिथून पावापर्यंत स्लाइडच्या, म्हणजे रेस पिळली की वर उचलल्या जाणाऱ्या दट्ट्याच्या, खालच्या कापाचा. पाव ते पाऊण निडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, आणि ती ज्या भोकात वर-खाली होते त्या निडल जेटचा. त्यापुढे मेन जेट. माझी गाडी बरोबर पाव ते पाऊणमध्ये रडत होती. एअर फिल्टर आधीच धुतलेला होता, चोकचा खटका नीट बसत होता. तुम्ही मात्र या दोन गोष्टी आधी तपासा, जेटांच्या मागे नंतर लागा.

कार्बचं वरचं झाकण फिरवून स्लाइड बाहेर काढली. निडल उन्हात धरून हळूहळू फिरवली, तर एका अंगाला आरशासारखा चपटा पट्टा आणि त्याच्या काठावर नख अडकत होतं. तीस वर्षं इंजिनाच्या थरथरीत सुई जेटच्या भोकावर घासत राहते. सुई झिजते आणि भोक अंडाकृती होतं. मग मधल्या रेसला जादा पेट्रोल येतं. कचरा साफ करता येतो हो, झीज कशी साफ करणार?

रस्त्यातला इलाज एकच: निडलच्या वरच्या टोकाला खाचेत बसणारी क्लिप एक खाच वर घेतली. क्लिप वर गेली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर आहे, तिथल्या विरळ हवेत धडधाकट कार्बही थोडा रिच (पेट्रोल जादा) चालतो, त्यामुळे वर तर हा बदल हवाच होता. पण कोकणात उतरलात की हवा दाट होते आणि मिश्रण आपोआप लीनकडे (पेट्रोल कमी) सरकतं. म्हणून पोलादपूरला थांबून प्लग काढून त्याचा रंग बघितलाच पाहिजे: काळा म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन. माझा चहाच्या रंगाचा निघाला, तसाच ठेवला. पांढरा निघाला तर आळस न करता क्लिप परत खाली घ्या. लीन चाललेली टू-स्ट्रोक चढावर सीज होते, म्हणजे पिस्टन अडकून इंजिन जाम होतं, आणि तेव्हा मागचं चाक जाम होण्याआधी क्लच दाबायला क्षणभरच मिळतो.

आंबेनळीच्या उतारात आणखी एक. इंजिनाला ऑईल देणारा ऑटोल्यूब पंप रेसच्या केबलला जोडलेला असतो. रेस बंद करून गिअरमध्ये उतरत राहिलात तर इंजिन जोरात फिरतं आणि ऑईल जेमतेम मिळतं. दर वळणाआधी क्लच दाबून एक रेस मारत उतरा. या उताराच्या शेवटी माझ्या गाडीची स्लो (रेस सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) मध्येच चढून तिथंच लटकायला लागली. स्लाइड बोटानं हलवली तर कडकड वाजत होती. इंजिनाच्या बाजूला ती झिजली होती आणि फटीतून हवा घेत होती. नुसती नवी स्लाइड टाकून भागत नाही, कारण बॉडीही झिजलेली असते. अशी लटकणारी स्लो क्रँकच्या गळक्या ऑईल सीलमुळे किंवा कार्ब आणि इंजिनामधल्या तडकलेल्या इनटेक रबरामुळेही होते, तेव्हा नवा कार्ब घेण्याआधी तिकडे बघा.

कशेडीचं काही सांगण्यासारखं नाही, बोगद्यातून सरळ गेलो.

दापोलीत पोचेपर्यंत पुण्याच्या मित्रानं निडल आणि निडल जेटची जोडी रात्रीच्या बसनं पार्सल केली होती. जोडीच घ्या; नवी सुई जुन्या भोकात घालून काही उपयोग नाही. सकाळी तिथल्या गॅरेजवाल्या काकांनी कार्बचा खालचा बाऊल (पेट्रोलची वाटी) उघडला, मेन जेट काढला आणि आइस्क्रीमच्या काडीनं निडल जेट खालून वर ढकलला. पितळेचा तो तुकडा वरच्या तोंडातून टुपकन बाहेर आला. बसवताना त्याची खाच आतल्या पिनेवर यायला हवी, नाहीतर मेन जेट आवळताना जेट वाकडा बसतो. क्लिप मूळ खाचेत आणली, एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सैल. काकांनी पैसे घेतले ते फक्त चहाचे.

सोबत घ्यायचं ते असं: दोन प्लग, प्लग पाना, नीट बसणारा चौफुली स्क्रू ड्रायव्हर (बाऊलचे जुने स्क्रू पहिल्याच फटक्यात बोंबलतात), टू-टी ऑईलची बाटली, आणि जेट साफ करायला वायरीतली तांब्याची एक तार. स्टीलची तार किंवा सुई जेटात घालू नका, भोक मोठं होतं. साइड स्टँडवर पेट्रोल ठिबकत असेल तर बाऊलला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं दोन टिचक्या, आणि प्रत्येक थांब्याला पेट्रोलचा कॉक बंद.

परतताना त्याच आंबेनळीनं चढलो. ग्रिपवरची पट्टी काढली नव्हती. अर्ध्या रेघेवर, दुसऱ्या गिअरला, पार वरपर्यंत एकही ठोका चुकला नाही. पुण्यात टाकी भरून हिशोब केला तेव्हा ॲव्हरेज ३९ निघालं. स्लो अजून लटकते. नवा कार्ब दिवाळीनंतर बघू.