चमच्याची शेवटची चार बोटं

उकड्या तांदळाची पेज म्हणजे वर निवळ आणि तळाला शितं. हात चालत नसलेल्या माणसाला चमच्याने भरवणाऱ्या रोबोची खरी परीक्षा तिच्यावरच होते, आणि कोकणातल्या घरात आजारी माणसाला पहिल्यांदा तीच हवी असते. चमचा काठोकाठ भरला की वाटेत सांडतो. म्हणून तो अर्धाच भरायचा, उचलतानाचा वेग उतरवायचा आणि पेज जरा जास्त आटवायची. इतपत सगळेच करतात. घोळ होतो तो चमचा तोंडाजवळ आल्यावर.

चमचा थेट ओठांना टेकेल असं यंत्र लावलं, की जेवणारा नुसता आ करून बसतो. पोट भरतं, पण आपण जेवलो असं वाटत नाही. म्हणून चमचा ओठांच्या चार बोटं अलीकडे थांबवावा. पुढे वाकून घास घ्यायचं काम माणसाचं. मान वाकत नसेल, तर ते शेवटचं अंतर बटण दाबून धरलंय तोवरच चालावं आणि सोडलं की चमचा जागच्या जागी थांबावा. बटण सोडल्यावर हात मागे जाईल अशी सोय काही जण करून घेतात. ती नको, कारण झटक्याने मागे गेलेली गरम पेज मांडीवर येते.

ताटाच्या खणांचंही तेच. आपोआप पद्धतीत यंत्र एक, दोन, तीन, चार असं फिरत राहतं. पण पेजेचे तीन घास, मग जरासं लोणचं, पुन्हा पेज, असं कुणाला हवं असतं. सुकट तर मधेच एकदा. खण निवडायचं बटण जेवणाऱ्याकडेच द्या. जेवण लांबेल, लांबू दे.

हे लाड नव्हेत. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांनी स्वतःहून कळ दाबली आणि पाव सेकंदाने आवाज वाजला. दाबणं आणि वाजणं या दोन गोष्टी त्यांना प्रत्यक्षापेक्षा जवळ भासल्या. तेच बोट बाहेरून मेंदूला चुंबकीय उद्दीपन देऊन हलवलं, तेव्हा त्या एकमेकींपासून लांब भासल्या. ‘हे मी केलं’ ही जाणीव अशी वेळेच्या गणितात गुंतलेली आहे. 2012 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या लोकांना रोबोचा हात वापरायला दिला. आपोआप पद्धतीत कष्ट कमी पडले, तरी हाताने चालवणारेच जास्त समाधानी होते. यंत्र विकणाऱ्यांच्या गळी हे उतरवणं मात्र महाकठीण.

विजेच्या व्हीलचेअरमध्ये ही जाणीव सेटिंगमध्ये हरवते. हात थरथरतो म्हणून जॉयस्टिकचा मधला ‘मुका’ भाग, म्हणजे जिथे दांडी हलली तरी खुर्ची हलत नाही तो, थोडा वाढवणं ठीक. पण थरथर गाळणारं फिल्टर फार चढवलं, की खुर्ची उशिरा निघते आणि उशिरा थांबते. सुरक्षेच्या नावाखाली वेग घेणं आणि वेग उतरणं, दोन्ही मंद करून ठेवणं ही तर नेहमीची चूक. मग जॉयस्टिक सोडल्यावरही खुर्ची घरंगळत राहते, आणि जांभ्याच्या उतरत्या अंगणात हेच धोक्याचं. कमाल वेग आणि वेग घेण्याची गती कमी करा, थांबण्याची नको. घरात, अंगणात आणि रस्त्यावर अशी तीन प्रोफाइल्स, म्हणजे सेटिंगचे तीन संच, खुर्ची ताब्यात घेतानाच भरून घ्या आणि त्यांचे आकडे वहीत उतरवा. सेटिंग बदलायचं यंत्र विक्रेत्याकडेच असतं, आणि विक्रेता असतो घाटावर नाहीतर मुंबईत.

पाखाडीपाशी, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेपाशी, खुर्ची उचलायची म्हणून घरचे ब्रेक सुटे करायच्या लिव्हर फिरवतात. त्या क्षणी जॉयस्टिक मेलेली असते आणि विजेचे ब्रेकही. बसलेल्याचा हात दांडीवर तसाच असतो, उपयोग शून्य. लिव्हर फिरवण्याआधी त्याला सांगा आणि उतारावर तर फिरवूच नका.

भरवणाऱ्या यंत्राच्या थांबायच्या बटणाकडे कुणी बघत नाही. बाजारातली बहुतेक मोठी बटणं 3.5 मिलिमीटरच्या पिनवर चालतात आणि दाबल्यावर सर्किट जोडतात. म्हणजे पिन निसटली, किंवा खाऱ्या हवेने तिच्यावर हिरवट थर चढला, की ‘थांब’ गुपचूप नाहीसं होतं आणि यंत्र मात्र चालूच. थांबण्यासाठी दाबल्यावर सर्किट तोडणारं बटण हवं, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबेल. तसं मिळत नसेल तर रोज सकाळी पहिल्या घासाआधी एकदा दाबून बघा. हालचालीपूर्वीची सूचना नुसत्या ‘बीप’वर ठेवू नका. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ती ऐकू येत नाही, दिवा किंवा कंपन लावा.

स्नायूंच्या विजेवर चालणाऱ्या कृत्रिम हाताचं दुखणं म्हणजे घाम. आज्ञा आणि हालचाल यांत साधारण 100 ते 125 मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर नसावा, हे तंत्रज्ञांना ठाऊक असतं. पण हाताचं मोजमाप ते वातानुकूलित खोलीत घेतात. वैशाखात रत्नागिरीत सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो तो साचा, घामाने सरकतं, स्नायूंचा संकेत टिपणारा इलेक्ट्रोड त्वचेवरून उचलला जातो, आणि हात आपणहून उघडून पेला टाकतो. पेला फुटल्यावर ‘मी टाकला नाही’ असं सांगत बसायची वेळ येते, ती निराळीच. हात चढवून वीस मिनिटं उकाड्यात बसा. मग स्नायू पूर्ण सैल सोडून मूळ गोंगाट, म्हणजे आज्ञा नसतानाही येणारा संकेत, मोजा आणि ज्याच्या पुढे हात हलतो तो उंबरठा त्याच्या वर ठेवा. सॉकेट दुपारी एकदा काढून कोरडं पुसायचंच.

मेंदूतल्या इलेक्ट्रोडची गोष्ट अजून आपल्या ओटीपर्यंत आलेली नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात, पक्षाघाताला जवळजवळ पंधरा वर्षं झालेल्या एका बाईंनी मेंदूच्या संकेतांवर रोबोचा हात चालवून कॉफी प्यायली. तिथलाही कळीचा प्रश्न हाच, की माणूस नुसता विचार करतोय की आज्ञा देतोय, हे यंत्राला कसं कळायचं? बोलता न येणाऱ्यांसाठी नजरेवर चालणारा, बोलून दाखवणारा पडदा असतो, त्याच्यापुढे हा प्रश्न आजच उभा आहे. जिकडे बघावं ते निवडलं जातं. थांबून बघायची वेळ साधारण एका सेकंदापासून सुरू करा. चुका होत नसतील तर हळूहळू उतरवा, डोळे दमत असतील तर विश्रांतीचा एक रिकामा चौकोन ठेवा, जिथे बघितलं तर काहीच होत नाही. शब्द सुचवणारी यादी सोयीची, पण सुचवलेलं आपोआप बोललं जाऊ देऊ नका. ‘पाणी’ लिहिताच यंत्र ‘पाणी द्या’ म्हणून मोकळं होतं, आणि माणसाला म्हणायचं असतं ‘पाणी नको’. ‘नको’चा चौकोन कायम एकाच कोपऱ्यात असावा, यादी कितीही लांबली तरी तिथून हलता कामा नये.