29 ओळींची वही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या घरी येणारं कुणी ना कुणी टीव्हीशेजारची वही उघडतं आणि म्हणतं, "ताई, नुसती संघांची नावं आणि बरोबरच्या खुणा? तुमचा संघ कितवा आहे ते का नाही लिहीत?"

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल साखळी. तिच्यात 30 संघ आहेत. माझा संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स, म्हणून वहीत 29 ओळी. ज्याला हरवलं त्याच्यापुढे खूण. एप्रिलमध्ये साखळी संपेल तेव्हा एकही ओळ कोरी राहू नये, याची मला विजेतेपदापेक्षा जास्त ओढ असते.

82 सामन्यांत 29 जणांना एकेकदा हरवणं सोपं वाटतं. पण वेळापत्रक नीट बघा. संघांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट असतात, आणि वॉरियर्स पश्चिमेकडचे. पश्चिमेच्या संघांशी गाठ तीन-चारदा पडते, चुकलं तर भरून काढता येतं. पूर्वेकडच्या 15 संघांशी मात्र दोनच सामने, एक घरी, एक त्यांच्या गावात. त्यातला एक गेला की उरतो एकच.

मी पुण्यात बास्केटबॉल खेळायचे, तेव्हा आम्हाला तर तोही नव्हता. (पुण्यात मुली कुठे बास्केटबॉल खेळतात, असं अजून कुणी म्हणालं की मी शिरीन लिमयेचं नाव सांगते. भारताच्या महिला संघाची कर्णधार झालेली ती पुण्याचीच.) 1991 च्या हिवाळ्यात आमच्या साखळीत आठ संघ होते आणि प्रत्येकाशी एकच सामना. सहा संघांना आम्ही हरवलं. सहावा संघ आदल्या वर्षीचा विजेता. त्या संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टवर आम्ही शेवटच्या मिनिटात फास्ट ब्रेकवर, म्हणजे समोरच्या मुली सावरायच्या आत धावत जाऊन, दोन बास्केट केल्या, दोन गुणांनी जिंकलो आणि रात्री उशिरापर्यंत कुणाचाच पाय घराकडे वळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सातवा सामना, तोही एकही सामना न जिंकलेल्या संघाशी. पाय जड, रिंगवरून उसळलेल्या चेंडूला (रिबाउंडला) उडी उशिरा. त्या मुली मात्र प्रत्येक चेंडूसाठी जमिनीवर पडत होत्या. आम्ही तीन गुणांनी हरलो. करंडक आम्हालाच मिळाला, पण तो हातात धरून मी त्या मुलींकडेच बघत होते. त्यांना आम्ही हरवलं नव्हतं, आणि आता कधी हरवणारही नव्हतो.

म्हणून 2015-16 चा मोसम मला असा लक्षात आहे. वॉरियर्सनी पहिले 24 सामने सलग जिंकले. चोविसावा बॉस्टनमध्ये, दोनदा जादा वेळ खेळून. लगेच दुसऱ्या रात्री मिलवॉकी. तिथले प्रेक्षक '24-1' (24 विजय, एक पराभव) छापलेले टी-शर्ट घालून बसले होते, आणि वॉरियर्स हरले. सगळे जण विजयांची मालिका तुटल्याची चर्चा करत होते. माझ्या डोक्यात एकच, की मिलवॉकी पूर्वेची, आता एकच संधी. सहा दिवसांनी तो सामना घरच्या कोर्टवर झाला. आपल्याकडे शनिवारची सकाळ होती. पोहे तसेच ठेवून मी मोबाइलवर आकडे बघत होते. 121-112. खूण करताना हात थरथरत होता.

त्या वर्षी 73 जिंकले, नऊ हरले. त्या नऊ पराभवांत एकही संघ दुसऱ्यांदा आला नाही. प्रत्येकाशी निदान दोन सामने, म्हणजे 29 च्या 29 ओळी भरल्या. त्या नवात लेकर्सही होते, ज्यांनी अख्ख्या मोसमात 17 सामने जिंकले. तळाच्या संघाला कमी लेखू नये हे मला कुणी शिकवायला नको, तरी त्या दिवशी पोटात कालवलं.

सात सामन्यांच्या अंतिम फेरीत 3-1 अशी आघाडी घेऊन वॉरियर्स क्लीव्हलँडकडून हरले. मग उपयोग काय, असं मला पुष्कळांनी विचारलं. अंतिम फेरीत एकच संघ समोर असतो. त्याआधी सहा महिने गावोगाव फिरून, थकलेल्या पायांनी, रिकाम्या हाताने परतायची पाळी येऊ शकेल अशा प्रत्येक कोर्टवर उभं राहून कुणालाच न वगळणं, हे मला फार मोठं वाटतं. ते पान मी फाडलेलं नाही.

दर वर्षी वेळापत्रक आलं की मी आधी पूर्वेच्या 15 संघांच्या दोन-दोन तारखा उतरवते. मग लागोपाठच्या रात्रींमधला दुसरा सामना शोधते आणि समोरचा संघ तळाचा असेल तर त्याखाली लाल रेघ मारते. त्या सकाळी मी फोन उचलत नाही.